माळ्यावरचे उंदीर: आधी भोकं शोधा, चाप नंतर

सोसायटीच्या ग्रुपवर ‘माळ्यावर उंदीर झालेत’ असं लिहून बघा. अर्ध्या तासात डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, प्लगमध्ये खोचायचं आवाजाचं यंत्र आणि ‘मांजर पाळा’ असे चार सल्ले येतात. चारही सोडून द्या. डांबरगोळ्यांच्या वासात उंदीर सुखाने संसार करतात, यंत्राच्या आवाजाला सरावतात, आणि मांजर माळ्यावर जात नाही. गेलंच तर उतरवायला शिडी तुम्हालाच लावावी लागते.

माझं घर जुन्या ठाण्यातलं, मंगलोरी कौलांचं. बहिणीचं नेरुळला रो-हाउस आहे, गच्चीवर पत्रा आणि वरच्या खोल्यांना फॉल्स सीलिंग. दोन्हीकडचे उंदीर मीच हाकलत आले आहे. छप्पर वेगळं असलं तरी काम तेच: येण्याची वाट बंद करायची. जे ती न शोधता नुसते उंदीर मारतात, ते आयुष्यभर मारतच राहतात. मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, तुमचा चाप किती पुरणार?

हे काम एप्रिल-मेमध्ये काढा. जूननंतर कौलांवर पाय ठेवायची सोय नसते आणि बाहेरून मारलेला सिमेंट-वाळूचा ताजा माल पहिल्याच सरीत धुऊन जातो.

कोण आहे ते बघा

आवाज दिवसा येत असेल तर ती बहुधा खार. तिच्यासाठी चाप लावू नका; ती बाहेर असताना फट बंद करा, पण आत पिल्लं नाहीत याची खात्री करून. रात्री धावपळ, मधेच काहीतरी कुरतडल्याचा आवाज, म्हणजे उंदीर. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर छोटा घरउंदीर, अर्धा इंच आणि जाडसर असतील तर मोठा काळा उंदीर. तो भिंत, वायर, नारळाचं खोड, सगळं चढतो. चिचुंद्री आणि घूस जमिनीवरची मंडळी, माळ्याच्या भानगडीत सहसा नसतात.

चढण्याआधी एमसीबी पाडून वरच्या भागाची वीज बंद करा. कुरतडलेली वायर उघडी पडलेली असते आणि अंधारात हात नेमका तिथेच जातो. पुठ्ठ्याचे खोके, जुन्या गाद्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल खाली काढा. यावर जास्त काही लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

विष नको

औषधाच्या दुकानात किंवा किराणावाल्याकडे तुम्हाला उंदीर मारायचा विषारी केक देतील. त्यात बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. ते खाऊन उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. ‘पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो’ ही थाप आहे. तो मरतो आपल्या बिळात, म्हणजे तुमच्या फॉल्स सीलिंगच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही. मग वास, मग निळ्या माशा, मग सुतार बोलावून छत कापणं. शिवाय अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा शेजारच्या मांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावर उतारा नाही. केकवर निदान व्हिटॅमिन के हा उतारा आहे. तरीही पोराने चाटला तर पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही.

भोकं

मला सगळ्यात जास्त दमवलं ते या टप्प्याने. दिसतील ती सगळी भोकं बुजवली तरी रात्री खुडबुड तशीच. कारण जे भोक आपल्याला भोक वाटतं ते उंदराचं नसतं, आणि उंदराचं जे असतं ते आपल्याला भोक वाटत नाही. पेन्सिल शिरेल एवढ्या, म्हणजे 6 मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर निघतो. मोठ्याला अर्धा इंच पुरतो. डोकं गेलं की अंग जातं. या मापाने बघायला लागलं की घर चाळणी दिसतं.

शोधायचं असं. भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद, दार बंद, आणि दहा मिनिटं काही न करता बसा. उकडेल, बसा. डोळे सरावले की जिथून जिथून उजेड आत येतो ती प्रत्येक जागा खडूने खुणावून ठेवा. संध्याकाळी उलटं करा: एकाने आत टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरायचं, दुसऱ्याने बाहेरून कुठून उजेड येतो ते बघायचं. वळणदार फटी दुपारी दिसत नाहीत, संध्याकाळी त्यातल्या काही सापडतात.

आता यातल्या चालू वाटा कोणत्या? उंदीर रोज त्याच रस्त्याने जातो आणि त्याच्या अंगाचं तेल-मळ कडेला लागतं. माझ्याकडे वासा भिंतीवर टेकतो तिथे बोटभर रुंद काळपट, चकचकीत पट्टा होता. नख लावलं तर मेणासारखा खरवडून निघाला, आणि त्यात दोन राखाडी केस चिकटलेले. ती फट मी इतकी वर्षं पाहत होते, पण सुताराच्या कामातली ढिलाई म्हणून. खात्री करायला फटीसमोर पांढरी रांगोळी पातळ भुरभुरा. सकाळी त्यात इवले पंजे आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ दिसली की वाट चालू आहे.

कुठे बघायचं तेही सांगते. कौलारू घरात वळचण, वासे आणि भिंत यांच्यामधली जागा, आणि आढ्यावरची सरकलेली कोन्याची कौलं. पत्र्याखाली पन्हळीची उघडी टोकं. प्रत्येक उंचवट्याखाली एक दार असतं आणि अशी दारं ओळीने पंचवीस-तीस असतात. फ्लॅटमध्ये एसीचा पाइप, डक्टकडची भिंत, इंटरनेटच्या वायरीचं भोक. वायरवाला अर्ध्या इंचाच्या वायरीसाठी दीड इंचाचं भोक पाडतो आणि जाताना त्यावर पांढरं चिकट काहीतरी थापून जातो.

बुजवायचं कशाने, यावर माझं मत ठाम आहे. फवारल्यावर फुगणारा फोम नको. गवंडी दर वेळी विचारतो, ‘‘काकू, फोम मारून देऊ का, पाच मिनिटांत होतंय.’’ होतं पाच मिनिटांत आणि उंदीर ते एका रात्रीत पोखरतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्याला कुरतडायला काहीतरी हवंच असतं. थर्माकोल, नायलॉनची मच्छरजाळी, चिंध्या, नुसतं सिलिकॉन, लाकडाची पट्टी, सगळं याच जातीचं. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी, मागा. अर्धा इंची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, छोटा उंदीर त्यातून जातो. खाडीच्या हवेत साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी गंजते, वाशी-नेरुळकडे राहत असाल तर स्टेनलेस स्टीलची घ्या, एकदाच पैसे जातील. जाळी फटीपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठी कापायची आणि स्क्रू-वॉशरने आवळायची. खिळे हलतात, स्टेपल तर निघूनच येतात. लहान गोल भोकात तारेची घासणी दाबून भरा आणि वरून सिमेंट-वाळूचा घट्ट माल. नुसता माल ओला असताना उंदीर उकरतो, घासणी असली की तोंड मागे घेतो.

आणि वारा बंद करू नका. वळचणीच्या फटी सिमेंटने सपाट लिंपल्या तर पावसाळ्यात माळा घामाघूम होतो आणि वासे कुजतात. तिथे जाळीच हवी.

आता महत्त्वाचं: सगळ्या फटी एकाच दिवशी बंद करायच्या नाहीत. आतले उंदीर कोंडले जातात, बाहेर पडायला छत कुरतडून थेट तुमच्या स्वयंपाकघरात उतरतात किंवा आतच मरतात. सगळ्यात वापरातली एक वाट उघडी ठेवा, बाकीच्या बंद करा. मग चाप.

चाप

चिकट पॅड वापरू नका. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो, आणि त्या पॅडवर पाल अडकते, चिमणी अडकते. पिंजरा लावला तर सकाळी जिवंत उंदराचं करायचं काय हा प्रश्न उरतो. येऊरला नेऊन सोडणारे आहेत. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तुमच्या माळ्यावरचे पाहुणे तिथे नेऊ नका. जवळच्या नाल्यावर सोडलेला परत येतो किंवा दुसऱ्याच्या घरी जातो. जोरात मिटणारा चांगला चाप झटक्यात मारतो, म्हणून मी तोच लावते.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिले तीन-चार दिवस चाप न ताणता, नुसतं खाद्य लावून ठेवा. खाऊन जाऊ द्या. मग ताणा. भिंतीला काटकोनात, खाद्याची बाजू भिंतीकडे. वाशावर लावत असाल तर तारेने बांधा. खाद्य वाटाण्याएवढं, चेपून लावलेलं: भाजलेलं खोबरं किंवा सुकट. एक चाप लावून वाट बघणाऱ्यांचा मला राग येतो. सहा-आठ एकदम लावा, पहिल्या रात्रीच जास्त सापडतात. लहान मुलं किंवा मांजर वर पोचत असेल तर खोक्याला भोक पाडून त्यात ठेवा.

शेवटची वाट

चापात काही येईनासं झालं की उघड्या ठेवलेल्या फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबा आणि आत नवी रांगोळी टाका. तीन रात्री बोळा जागचा हलला नाही, रांगोळी कोरी राहिली, तर ती फट जाळीने बंद करा. बोळा ओढलेला दिसला तर परत चाप. घाई नको.

झाडाची फांदी छपराला टेकत असेल तर तीही वाटच. पण कोयता उचलण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. झाडांच्या संरक्षणाच्या 1975च्या कायद्यानुसार नुसत्या छाटणीलाही ती लागते.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याचे रुग्ण वाढतात. हातमोजे, मास्क, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून शिंपडा, दहा मिनिटांनी कागदाने पुसा, कागद पिशवीत बांधून टाका. मेलेला उंदीरही तसाच.

यापुढे घरात कोणीही ड्रिल घेऊन आला, एसीवाला, सोलरवाला, इंटरनेटवाला, तर त्याच्यासमोर उभं राहून भोक बुजवून घ्या आणि मगच पैसे द्या. दर मे महिन्यात जाळ्यांचे स्क्रू आवळा आणि गंजलेली जाळी बदला.