ताकद वाढत नसेल तर या चुका टाळा

व्यायाम सुरू करून महिना-दीड महिना झाला की अनेक जण दंडाचा घेर मोजतात आणि तो फारसा वाढलेला नसला की सगळी मेहनत वाया गेली, असे ठरवून मोकळे होतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः स्नायूंच्या आकारातून नव्हे, तर मज्जासंस्थेतून येते. मेंदू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावू लागतो, त्यांना अधिक जलद संदेश पाठवतो आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूंचा अनावश्यक ताण कमी करतो. बॉस्टनमधील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सुमारे ९० वर्षे वयाच्या अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारयुक्त व्यायाम करून घेण्यात आला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, तर मांडीच्या स्नायूंचा आकार अवघा ९ टक्क्यांच्या आसपास. मूळची ताकद फारच कमी असल्याने टक्केवारी मोठी दिसते, हे खरे. तरीही दोन आकड्यांमधील तफावत पुरेशी बोलकी आहे. म्हणून पहिले दोन महिने टेप बाजूला ठेवावी आणि उचललेल्या वजनाची वही ठेवावी.

दुसरी चूक पुण्यात विशेष आढळते. रोज पर्वती चढणारा किंवा दर रविवारी सिंहगड गाठणारा माणूस आपल्या पायांत भरपूर ताकद आहे, असे गृहीत धरतो. हृदय, फुप्फुसे आणि दमसास यांच्यासाठी ही चढाई उत्तमच आहे. परंतु शरीर हलक्या कामाला आधी लहान, सहज न थकणारे तंतुगट वापरते आणि मोठे, जोरकस गट भार वाढल्यावर किंवा थकवा चढू लागल्यावरच कामाला लावते. तीच टेकडी त्याच गतीने वर्षानुवर्षे चढत राहिल्यास या मोठ्या गटांना फारसे काम मिळत नाही. तालमीतल्या बैठकांनाही हेच लागू आहे: शंभर बैठका सहज जमू लागल्या की दीडशे मारण्याने चिवटपणा वाढेल, पण ताकदीसाठी खांद्यावर वजन घ्यावे लागेल.

दोन सेटमधली, म्हणजे सलग मारलेल्या दोन फेऱ्यांमधली विश्रांती हा तर वादाचाच विषय आहे. घाम निथळत राहिला म्हणजेच व्यायाम झाला, ही समजूत जिममध्ये घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटमधून येते आणि त्याचा साठा जवळपास पूर्ववत होण्यास ३ ते ५ मिनिटे लागतात. अर्ध्या मिनिटात पुन्हा वजनाला हात घातला आणि ते उचलले नाही, तर ताकद घटली असा अर्थ काढू नये.

शेजाऱ्याशी तुलना करणे हीदेखील चूकच. दंडाच्या पुढच्या स्नायूची दोरी कोपरापासून साधारण चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते, तर वजन तळहातात, म्हणजे कितीतरी दूर असते. परिणामी हात काटकोनात वाकवून १० किलोचे डंबेल धरताना स्नायूंना त्याच्या सात-आठ पट ओढ द्यावी लागते. ही जोडणी अर्ध्या सेंटिमीटरने पुढे असणारा माणूस तितक्याच स्नायूंवर अधिक वजन उचलतो, आणि हे अंतर कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. सहज न थकणारे आणि जोरकस अशा तंतूंच्या प्रकारांचे प्रमाणही बऱ्याच अंशी आनुवंशिक असते.

अपुरी झोप आणि ताटातली प्रथिनांची कमतरता यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून एवढेच सांगतो: नियमित वजन उचलणाऱ्यास शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि केवळ वरण-भात-पोळीवर ती सहसा भरत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

व्यायाम, आहार, विश्रांती सगळे नीट असूनही खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत जोर वाटत नसेल, तर वजने वाढवत राहणे थांबवावे. ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि काही औषधे यांमुळे अशी दुर्बलता येऊ शकते, आणि तपासणीत कारण सापडल्यास त्यावर उपचारही होऊ शकतात. शरीराच्या एकाच बाजूची ताकद अचानक गेली, तर ती थकव्याची गोष्ट समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.