जुन्या ट्रकचा इंडिकेटर फ्लॅशर बदलण्यापूर्वीची तयारी

१९८६ साली आलेल्या टाटा ४०७ सारख्या जुन्या गाडीचा इंडिकेटर नीट चालेनासा झाला, किंवा साध्या बल्बांच्या जागी एलईडी बसवायचे ठरले, की फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप घडवणारा छोटा नग, बदलण्याचा विषय निघतो. जुना फ्लॅशर काढून नवा लावायला फार वेळ लागत नाही. खरी मेहनत त्याआधीच्या तपासणीत असते, आणि ती टाळून थेट दुकानात गेल्यास भलताच नग हाती पडण्याची शक्यता जास्त. व्होल्टेज, भार (दिवे मिळून किती प्रवाह घेतात ते) आणि पिना (फ्लॅशरला वायरी जोडण्याची टोके) या तीन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय खरेदी करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातही पिनांबाबत सर्वाधिक घोळ होतो.

सर्वांत आधी दोष फ्लॅशरचाच आहे ना, हे ठरवावे. डावीकडचा इंडिकेटर व्यवस्थित लागतो आणि उजवीकडचा गडबड करतो, अशी स्थिती असेल तर फ्लॅशर बहुधा निर्दोष असतो, कारण दोन्ही बाजूंना तोच काम करतो. अशा वेळी त्या बाजूचे बल्ब, होल्डर आणि वायर पाहाव्यात. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असलेल्या गाडीत एक बल्ब गेला की त्या बाजूची उघडझाप बहुधा एकदम जलद होते आणि तो चालकाला दिलेला इशारा असतो. जुन्या, तापणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये मात्र प्रवाह कमी पडल्याने उघडझाप मंदावते किंवा बल्ब न मिटता नुसता जळत राहतो. ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद पेटत असेल तर मागच्या दिव्याची अर्थ (प्रवाहाला बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) तुटली आहे असे समजावे; ब्रेकच्या प्रवाहाला परतीची वाट न मिळाल्याने तो इंडिकेटरच्या बल्बातून वाट काढत असतो. यांपैकी कोणताही दोष नवा फ्लॅशर लावून जाणार नाही.

म्हणून चारही दिवे उघडून पाहणे हा तयारीचा भाग मानावा. मागचे दिवे चाकाने उडवलेल्या चिखलाच्या आणि पाण्याच्या माऱ्यात असतात, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळे काढलेल्या गाडीत काच उघडली की पितळी होल्डरवर चढलेला हिरवा कळंक आणि तळाशी साचून वाळलेली माती हमखास दिसते. होल्डरमधील स्प्रिंग दाबून पाहावी, ती गंजून अडकली असेल तर होल्डरच बदलावा. केवळ कळंक असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो चकचकीत होईपर्यंत घासावा. दिव्याची अर्थ ज्या स्क्रूने बॉडीला बांधलेली असते तो सोडवून, खालचा रंग आणि गंज खरवडून पुन्हा आवळावा. पडताळणीसाठी बल्ब पेटता ठेवून मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या कडेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थ अजून कच्ची आहे. बल्बवर छापलेले वॅट वाचायलाही विसरू नये, कारण १० वॅटचा एक बल्ब २१ वॅटच्या होल्डरमध्ये बिनतक्रार बसतो आणि फ्लॅशरची चाल बिघडवतो.

व्होल्टेज ठरवण्यासाठी गाडीच्या नावावर विसंबू नये. ४०७ ची मूळ यंत्रणा १२ व्होल्टची असते, तर मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून आकडा वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. त्यानंतर भाराचा हिशेब करावा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे एका बाजूचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर. बाजूच्या पत्र्यावर ५ वॅटचा लहान दिवा असेल तर त्यात सुमारे ०.४ अँपिअरची भर पडते. हॅझार्डसाठी (चारही इंडिकेटर एकदम चालवण्यासाठी) हाच फ्लॅशर वापरला जात असेल तर चार बल्बांचे ७ अँपिअर त्याला पेलले पाहिजेत. फ्लॅशरवर ‘१२ व्होल्ट, २ × २१ वॅट + ५ वॅट’ असा मजकूर छापलेला असतो, त्याच्याशी हा हिशेब ताडून पाहावा. हौद्याच्या मागे मालकाने हौसेने वाढवलेले जादा इंडिकेटर या हिशेबात अनेकदा विसरले जातात, आणि वायरिंग तापण्याची सुरुवात तिथेच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा असावा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त नसावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग (योग्यता तपासणी) दरवर्षी होत असल्याने ही चाल घड्याळ लावून मोजून ठेवणे केव्हाही हिताचे.

आता पिना. जर्मन पद्धतीच्या खुणांमध्ये ४९ म्हणजे फ्यूजकडून येणारा पुरवठा, ४९ए म्हणजे इंडिकेटरच्या खटक्याकडे जाणारी वायर, सी म्हणजे डॅशबोर्डवरील खुणेचा दिवा आणि ३१ म्हणजे अर्थ. इंग्लिश पद्धतीत बी हा पुरवठा, एल दिवे आणि पी खुणेचा दिवा. अमेरिकन नगावर बी ऐवजी एक्स असते. जपानी पद्धतीत बी, एल आणि ई, त्यातील ई म्हणजे अर्थ. यातील मेख अशी की तीन पिनांचे दोन फ्लॅशर दिसायला सारखे असले तरी एकाची तिसरी पिन खुणेच्या दिव्याची आणि दुसऱ्याची अर्थची असू शकते. जिथे वायरिंगमध्ये अर्थ आहे तिथे खुणेच्या दिव्याची पिन बसली तर फ्लॅशरमधून बाहेर पडणारा पुरवठा थेट बॉडीवर जातो आणि फ्यूज उडतो किंवा फ्लॅशरचे कॉन्टॅक्ट जळतात. उलट प्रकारात नव्या फ्लॅशरला पक्की अर्थ मिळत नाही आणि तो मनास येईल तसा चालतो. म्हणून सॉकेट बसते एवढ्यावर समाधान मानू नये.

वायरींच्या रंगांवरही विश्वास ठेवू नये, कारण तीस वर्षांच्या गाडीत किती वायरमनचे हात लागले असतील याचा नेम नसतो. फ्लॅशर काढून, चावी चालू ठेवून, टेस्ट लॅम्पची चिमटी अर्थला लावावी आणि सॉकेटची एकेक वायर तपासावी. ज्या वायरवर लॅम्प पेटेल ती पुरवठ्याची. ती वायर आणि दिव्यांची वाटणारी वायर मध्ये फ्यूज असलेल्या तुकड्याने जोडून खटका डावीकडे व मग उजवीकडे करावा. दोन्ही वेळा त्या त्या बाजूचे दिवे न मिटता पूर्ण उजेडाने पेटले तर दोन्ही वायरी बरोबर ओळखल्या गेल्या आणि पुढची सारी वायरिंगही चांगली आहे, असे एका फटक्यात सिद्ध होते. तिसरी वायर बॅटरी सोडवल्यावर मल्टिमीटरने बॉडीशी मोजावी. जवळजवळ शून्य ओहम आले तर ती अर्थ. मग प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी लावून त्यावर तिचे काम लिहावे आणि सॉकेटचा फोटो काढून तो दुकानदाराला दाखवावा.

एलईडीकडे वळायचे असेल तर तयारी आणखी वाढते. दोन पिनांचा जुना फ्लॅशर बल्बांमधून वाहणाऱ्या प्रवाहावरच जगतो, आणि एलईडी इतका कमी प्रवाह घेते की तो सुरूच होत नाही. यासाठी भारावर अवलंबून नसलेला, स्वतंत्र अर्थ घेणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. काहीजण जुना फ्लॅशर ठेवून बल्बाइतका प्रवाह ओढावा म्हणून प्रत्येक बाजूला रेझिस्टर (प्रवाहाला अडवून तापणारा रोधक) जोडतात, पण मला तो मार्ग पसंत नाही. १२ व्होल्टवर वापरला जाणारा ६ ओहमचा रेझिस्टर पेटलेल्या अवस्थेत सुमारे २५ वॅट उष्णता फेकतो, आणि तोच २४ व्होल्टच्या गाडीत लावला तर ९६ वॅट. प्लॅस्टिक वितळायला आणि वायरीचे आवरण जळायला एवढे पुरते. लावायचाच असेल तर २४ व्होल्टसाठी २५ ओहमच्या आसपासचा घ्यावा आणि उघड्या पत्र्यावर स्क्रूने आवळावा. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच खुणेचा दिवा असेल आणि तो डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असेल, तर एलईडी लावल्यावर एका बाजूचा खटका टाकताच चारही दिवे चमकतात. त्यावर दिव्याचे एक टोक अर्थला घेऊन दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा, १ एन ४००७ प्रकारचा पुरतो. शिवाय जुन्या दिव्याचा आरसा तारेच्या बल्बासाठी घडवलेला असल्याने एलईडी भर उन्हात लांबून दिसते का, हे दुसऱ्या माणसाला गाडीमागे उभे करून पाहावे.

अवजारांत मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, बॅटरीच्या टर्मिनलला बसणारा पाना, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक) व ते दाबण्याचा पक्कड, दीड चौरस मिलिमीटरची वायर, योग्य अँपिअरचे राखीव फ्यूज आणि २१ वॅटचे दोन जादा बल्ब एवढे जवळ असावे. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड डिझेल इंजिनाच्या हादऱ्यांत सुटतो, म्हणून थिंबलला पर्याय शोधू नये.

गाडी सपाट जागी उभी करून, हॅंडब्रेक ओढून, चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावावी. फ्लॅशर डॅशबोर्डखाली कुठे दडला आहे हे सापडत नसेल तर सहकाऱ्याला खटका चालू ठेवायला सांगून टिकटिक येते तिथे बोट टेकवावे. जागा सापडली आणि चालू वीजप्रवाहावरची तपासणी संपली की हातातील अंगठी काढून ठेवावी आणि इंजिन बंद असतानाच बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी. नवा फ्लॅशर पूर्वीच्या पकडीतच, तोंड त्याच दिशेला ठेवून बसवायची सोय आधीच करून ठेवावी. वायरींना लटकता सोडलेला फ्लॅशर फार काळ टिकत नाही. आवाज न करणारा फ्लॅशर घेणार असाल तर कॅबिनच्या गोंगाटात खुणेचा दिवा चालकाला दिसतो का हेही पाहावे, अन्यथा वळण संपल्यावरही साइड चालू राहते.

चाचणीसाठी एक माणूस आणि अर्धा तास राखून ठेवावा. प्रथम इंजिन बंद ठेवून, मग इंजिन चालू असताना आणि शेवटी हेडलाइट, ब्रेक व वायपर एकाच वेळी चालवून दोन्ही बाजूंची चाल मोजावी. हॅझार्ड दहा मिनिटे सलग चालू ठेवून फ्लॅशर, फ्यूज आणि सॉकेट यांना हात लावून पाहावा. हाताला चटका बसेल इतके सॉकेट तापत असेल तर ते सैल आहे, आणि नव्या फ्लॅशरबरोबर सॉकेटही बदलावे लागेल.