टेबलाखालचा मॅक मिनी

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी मला टेबलाखाली वाकायला लावलं. यूपीएसच्या शेजारी धुळीने राखाडी झालेला २०१२ चा मॅक मिनी होता. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं होतं, ‘बंद करू नये’.

“हा बंद करायचाय,” अण्णा म्हणाले. “दिवाळीच्या आत.”

ही गोष्ट ऑगस्ट २०२२ ची. पुण्यातला एक एडिटिंग-अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, सत्तरेक मॅक आणि आयटीत अण्णा आणि मी, दोघंच. मी मूळची कराडची. डिप्लोमानंतर दोन वर्षं विंडोजचा डेस्कटॉप सपोर्ट केलेला, म्हणजे प्रिंटर, पासवर्ड आणि ‘मॅडम, नेट चालत नाही’. डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या मशीन सांभाळायच्या कामात, नवीन येणाऱ्यांना जुना सर्व्हर बंद करायचं हे काम आज ना उद्या करावं लागतंच, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहितेय.

त्या डब्यावर अ‍ॅपलचं मॅकओएस सर्व्हर चालायचं, म्हणजे ऑफिसातल्या बाकीच्या मॅकना सेवा देणारं सॉफ्टवेअर. २०१८ मध्ये अ‍ॅपलने त्यातल्या बऱ्याच सेवा काढून टाकायला घेतल्या आणि २१ एप्रिल २०२२ ला अख्खं उत्पादनच बंद केल्याचं जाहीर केलं. आमचा डबा तर त्याच्याही आधी अडकलेला. वरच्या आवृत्तीवर नेला तर सेवा जातील, या भीतीने कोणीतरी तो मॅकओएसच्या सिएरा या जुन्या आवृत्तीवरच थांबवला होता, आणि सिएराला सुरक्षा अपडेट येणं २०१९ नंतर थांबलं. म्हणजे सत्तर मशीनना सॉफ्टवेअर वाटणारी मशीन स्वतः तीन वर्षं अपडेटविना होती.

मी उत्साहात त्याच दिवशी ‘मॅकओएस सर्व्हरला पर्याय’ शोधायला बसले. इथे पहिली चूक झाली, आणि नवीन माणूस नेमकी हीच करतो. एका डब्याच्या जागी दुसरा डबा शोधत राहिलं की आठवडा जातो. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “अगं, पण तो करतो काय ते बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. मग बघितलं. तो चार कामं करत होता. अ‍ॅपलच्या अपडेटची प्रत ठेवून ती ऑफिसातल्या मशीनना देणं, नेटइन्स्टॉलने नेटवर्कवरून नवी मशीन उभी करणं, वेब सर्व्हर बनून मंकीची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचा साठा, मशीनना पुरवणं, आणि एएफपी या अ‍ॅपलच्या जुन्या फाइल शेअरिंग पद्धतीवर एक शेअर फोल्डर. मंकी म्हणजे वॉल्ट डिस्ने अ‍ॅनिमेशन स्टुडिओत जन्मलेलं, मॅकवर सॉफ्टवेअर बसवणारं ओपन सोर्स साधन. पैसे लागत नाहीत आणि सर्व्हरच्या बाजूला फार काही लागतही नाही. साध्या फाइल देऊ शकणारा कुठलाही वेब सर्व्हर चालतो, कारण हुशारी सगळी क्लायंटमध्ये आहे.

चारपैकी दोन कामं आपोआप मेली होती. मॅकओएसच्या बिग सर आवृत्तीपासून मॅकला अपडेटसाठी स्वतःच्या कॅटलॉगचा पत्ता देता येत नाही, त्यामुळे आमच्या नव्या मशीन त्या सेवेकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. नेटवर्कवरून बूट होणं अ‍ॅपलची टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकना जमत नाही, अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या, म्हणजे अ‍ॅपल सिलिकॉनला तर नाहीच. जे काम कोणी मागतच नाही त्याला पर्याय शोधायचा नसतो. दोन ओळींत तसं लिहून मी तो विषय मिटवला.

जुनी सेवा मेली तरी अपडेट लागतातच, त्यासाठी कंटेंट कॅशिंग आलं. हे आता मॅकओएसमध्येच असतं, शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एक बटण. पहिल्या मशीनने डाउनलोड केलेलं अपडेट कॅश ठेवते आणि पुढच्यांना ऑफिसातूनच देते. लक्षात ठेवा, फक्त अ‍ॅपलचा माल. तुमची पॅकेजेस त्यातून जात नाहीत.

एक रिकामा मिनी घेतला, तार जोडली, बटण चालू केलं. दोन दिवसांनी टर्मिनलवर ‘असेटकॅशमॅनेजरयुटिल स्टेटस’ मारलं तर क्लायंटना दिलेल्या डेटाचा आकडा जवळपास शून्य. सेवा चालू, डिस्कवर जागा मोकळी, फायरवॉल ठीक. मी दीड दिवस डोकं खाजवलं. कारण आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात सापडेल असं निघालं. एक लाइन गेली तर काम थांबू नये म्हणून आमच्याकडे दोन कंपन्यांचं इंटरनेट होतं आणि राउटर ट्रॅफिक दोन्हीकडे वाटत होता. क्लायंट, म्हणजे अपडेट मागणारी मशीन, आणि कॅश एकाच सार्वजनिक आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून, बाहेर पडतात हे बघून अ‍ॅपल त्यांची गाठ घालून देतं. आमचा कॅश एका लाइनने बाहेर पडे आणि आयमॅक दुसऱ्या. एकाच खोलीत बसून एकमेकांना अनोळखी! दोन्ही सार्वजनिक पत्ते कॅशच्या सेटिंगमध्ये दिले, त्याच पॅनलने तयार करून दिलेली टीएक्सटी (मजकुराची) नोंद ऑफिसच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, टाकली, आणि त्याच संध्याकाळी आकडा हलला.

मग मंकीची रिपॉझिटरी, म्हणजे खरं काम. हलवण्याआधी अण्णांनी जुन्या वेब सर्व्हरचा सात दिवसांचा अ‍ॅक्सेस लॉग माझ्यापुढे टाकला. “आपल्या यादीत किती मशीन?” ६८. लॉगमध्ये वेगळे पत्ते निघाले ७३. पाच पाहुणे कोण? दोन मीटिंग रूमचे मिनी, एक एचआरचा लॅपटॉप, एक मी स्वतःच नोंदवायचा विसरलेला आयमॅक. आणि एक व्हॉइस रेकॉर्डिंगच्या बूथमधली मशीन, जिच्यात सर्व्हरचं नाव न देता थेट आयपी लिहून ठेवला होता. यादी कोणीतरी कधीतरी लिहिलेली असते, लॉग मशीन रोज लिहिते. तेव्हापासून कुठल्याही स्थलांतरात मी आधी लॉग उघडते.

नवी जागा म्हणून उबुंटू या लिनक्सवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर घेतला, एचटीटीपीएससह. एसएमबीचा, म्हणजे साध्या फाइल शेअरिंगचा, शेअर करून भागलं असतं, पण अर्धे लोक लॅपटॉप घरी नेतात, आणि फाइल शेअरिंगचं पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकायची माझी तयारी नव्हती. आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने सगळं उचललं, माझ्या लॅपटॉपवर तपासलं, छान चाललं. पाच मशीन निवडून त्यांना नवा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी साउंडच्या खोलीतून फोन, “ताई, ते प्लगइन येतच नाहीये.”

एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही. फाइल मात्र डोळ्यांसमोर! दहा मिनिटं मी एकदा लॉगकडे आणि एकदा फोल्डरकडे बघत बसले. मग दिसलं. मंकीत प्रत्येक पॅकेजसोबत असते त्या माहितीच्या फाइलमध्ये नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं, डिस्कवरच्या फाइलचं स्मॉल. जुन्या मॅकच्या डिस्कला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नव्हता, ती बिनतक्रार फाइल काढून द्यायची. लिनक्सला दोन्ही वेगळी नावं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी टाकलेली अशी २३ पॅकेजेस निघाली. छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक माहितीच्या फाइलमधलं नाव प्रत्यक्ष फाइलशी जुळवलं, फरक असेल तिथे सुधारलं आणि मेककॅटलॉग्ज, म्हणजे कॅटलॉग नव्याने बनवणारी मंकीची आज्ञा, पुन्हा चालवलं. हे शेवटचं विसरलात तर क्लायंट जुनाच कॅटलॉग वाचत राहतो आणि तुम्ही सुधारलेलीच गोष्ट पुन्हा सुधारत बसता. मी एकदा बसले. कॉपी करताना फाइल खराब झाली असेल तर काय, ही धास्तीही होती, पण मंकी उतरवलेल्या पॅकेजचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, ताडून बघतं आणि जुळला नाही तर ते बसवत नाही.

पत्ता बदलण्यात एक गंमत आहे. नव्या सर्व्हरचा पत्ता मशीनना सांगणार कोण? बऱ्याच मशीन एमडीएममध्ये, म्हणजे दुरून मशीन सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, होत्या, त्यांना सेटिंगचं प्रोफाइल गेलं. उरलेल्यांना पत्ता बदलणारं छोटं पॅकेज जुन्याच सर्व्हरवरून द्यावं लागलं. म्हणजे जाणाऱ्या माणसाकडूनच येणाऱ्याची ओळख करून घ्यायची. म्हणून नवा उभा राहिल्या दिवशी जुना बंद करायचा नसतो. या वेळी क्लायंटमध्ये मशीनचं खरं नाव न घालता डीएनएसमधलं एक टोपणनाव घातलं, पुढे उबुंटूचा डबा बदलला तरी ७३ मशीन शिवाव्या लागू नयेत म्हणून. टोपणनावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ मात्र घेऊ नका. मॅक ते नाव डीएनएस सोडून बाँजूरकडे, म्हणजे आसपासची मशीन शोधणाऱ्या यंत्रणेकडे, शोधायला जातो आणि मग कधी सापडतं, कधी नाही.

चौथं काम, ते शेअर फोल्डर, तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं आणि प्रत्यक्षात सगळ्यात चिवट. त्यात एडिटर मंडळींचे मराठी फॉन्ट होते. कोणीही यावं, फोल्डर उघडावा, फॉन्ट ओढून न्यावा. बिग सरने एएफपीवर शेअर करणं काढूनच टाकलंय, त्यामुळे फोल्डर होता तसा नव्या मॅकवर नेता येणार नव्हता. फॉन्टची पॅकेजेस करून मंकीच्या मॅनेज्ड सॉफ्टवेअर सेंटर या अ‍ॅपमध्ये ऐच्छिक म्हणून ठेवली. ईमेल पाठवला. कोणीही वाचला नाही. शेवटी चहाच्या वेळी प्रत्येक खोलीत जाऊन ‘हे इथे दाबा’ असं दाखवलं. एका ज्येष्ठ एडिटरांनी विचारलं, “आणि माझा फोल्डर?” तो त्यांचा नव्हता, पण सात वर्षं त्यांनीच नावं लावून नीट ठेवला होता. त्यांच्याच नावांनी पॅकेजेस केली, मग ते राजी झाले.

विंडोजवाल्यांनी ‘आमचा काय संबंध’ म्हणू नये. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूएसयूएसला, म्हणजे विंडोजची अपडेट ऑफिसातून वाटणाऱ्या सर्व्हर सेवेला, डिप्रिकेटेड म्हटलंय. ते आजही चालतं, विंडोज सर्व्हर २०२५ मध्येही आहे, पण त्यात नवीन काही येणार नाही. डिप्रिकेटेड म्हणजे घरी पाहुणे येतात ती खोली अजून आहे, पण रंग आता लावणार नाहीत. तुमच्या कंपनीत ते असेल तर लॉग वाचायला आजच बसा, वरून तारीख येईपर्यंत थांबू नका.

मुलाखतीला जाणारी मुलं विचारतात, कुठला कोर्स करू? माझ्या कामात जे रोज लागलं ते असं: ४०४ (सापडत नाही) आणि ४०३ (परवानगी नाही) मधला फरक, डीएनएसची नोंद वाचता येणं, सर्टिफिकेट का नाकारलं गेलं ते सांगता येणं, आणि बदल करण्याआधी तो परत कसा फिरवायचा हे लिहून ठेवणं. साधनं बदलतात. मॅकची अपडेटसुद्धा आता डिक्लेरेटिव्ह डिव्हाइस मॅनेजमेंटकडे गेलीयत, म्हणजे मशीनला काय हवं ते सांगायचं आणि बाकी तिने स्वतः करायचं. मी हे काम केलं तेव्हा माझ्या शब्दकोशात तो शब्दही नव्हता.

जुन्या मिनीवर शेवटी फक्त वेब सेवा चालू ठेवली आणि रोज सकाळी लॉग बघत राहिले. सलग दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी एक ओळ. बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या कलरिस्ट ताईंचा लॅपटॉप. त्यालाही पत्ता बदलणारं पॅकेज मिळालं. आणखी एक आठवडा थांबले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अण्णांसमोर तार काढली. डिस्क पुसली नाही, महिनाभर कपाटात ठेवली. चिकटपट्टी मात्र अण्णांनी सोलून उबुंटूच्या डब्यावर चिकटवली.