घरी बीपी मोजताना आकडा का चुकतो?

मशीनने आधी १४८ दाखवलं आणि दोन मिनिटांनी १३२, की लोक मशीनला नावं ठेवतात. बहुतेक वेळा घोळ हाताच्या जागेत किंवा पट्ट्यात असतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळा. लघवीला जाऊन या. ती तुंबलेली असली तरी आकडा चढतो. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. अगदी गप्प, कारण मोजताना नुसतं बोलल्यानेही वरचा आकडा सहज दहाने वाढू शकतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. बाही वर गुंडाळली तर तिचाच फास बसतो. दंडाचा घेर एकदा टेपने मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा चढतो, आणि ही चूक फार सर्रास होते.

आता मुख्य गोष्ट, उंची. पट्ट्याचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याशी समपातळीत हवा. दंड त्याखाली दहा सेंटीमीटर असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या वजनाने आकडा सात-आठने जास्त येतो. वर असेल तर तितकाच कमी. म्हणून हात मांडीवर नको, टेबलावर ठेवा. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात स्वतःच्या जोरावर उचलून धरला तरी आकडा बिघडतो. मनगटाची मशीनं जास्त चुकतात ती बरीचशी उंचीच्या याच घोळाने.

पट्ट्यातल्या हवेला नाडीचे बारीक हादरे बसतात, ते मशीन टिपतं आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा हिशोबाने काढतं. हात हलला की हिशोब फसतो. नाडीच अनियमित असेल तर एका आकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना सांगा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा आणि पुढे जास्त आकडा येणारा हात धरा. दोन्हींत कायम दहापेक्षा जास्त फरक दिसला तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला. सकाळी औषध आणि न्याहारीच्या आधी, तसंच संध्याकाळी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस, आकडे वहीत लिहीत. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाचा डोस मात्र आपल्या मनाने बदलू नका.

१८०/१२० च्या वर आकडा आला तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यांतलं काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.