मॉडेलवर चढवायची धूळ कोणत्या रंगाची?

ट्रॅक्टर, ट्रक किंवा रणगाड्याच्या मॉडेलसाठी वेदरिंग पिगमेंट (मॉडेल धुळकट, वापरलेलं दिसावं म्हणून लावायची रंगीत पूड) घेताना आधी ते वाहन कुठल्या मातीतून आलंय ते ठरवा. आपल्याच बेळगाव भागात बघा. खानापूरकडची जांभ्याची माती तांबडी, तर बैलहोंगल-अथणीकडची काळी. खानापूरच्या जंगलातून आलेल्या जीपच्या चाकांवर राखाडी धूळ कधीच पटणार नाही.

मला तयार सेटपेक्षा सुट्या बाटल्या बऱ्या वाटतात. तांबूस तपकिरी, गडद तपकिरी, फिकट पिवळसर आणि काळा एवढे रंग मिसळून बरंच काही साधतं. वाळलेली धूळ ओल्या चिखलापेक्षा फिकट दिसते, म्हणून थोडा फिकट रंग जवळ हवाच. १:७२ सारख्या (खऱ्या वाहनाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) लहान मॉडेलवर तर गडद रंग फार अंगावर येतो.

पूड बोटांत चोळून बघा. कण जितके बारीक, तितकी ती सांध्यांत नीट बसते. गेरू स्वस्त आणि रंगाने सुंदर आहे, पण बारीक कापडातून गाळल्याशिवाय वापरू नका. अंगणातली माती चिखलाच्या जाड थरापुरती ठीक. धुळीसाठी ती भरडच पडते.

चकचकीत रंगावर पूड टिकत नाही, आधी मॅट वार्निश मारा. फिक्सरने (पूड पक्की बसवणाऱ्या द्रवाने) रंग गडद होतो, त्यामुळे टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळल्यावरच पसंत करा. पूड उडते, मास्क लावाच.