तापल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो? क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) मोजून पाहा

जुनी, भरपूर पळालेली डिझेल गाडी. तापली की आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुके, चढावर खालून ठकठक. प्रेशर स्विच, जाड ऑइल, नवा पंप: पैसे गेले, दिवा तसाच.

शेवटी इंजिन उतरवलं. सोडण्याआधी प्रत्येक बेअरिंग कॅपवर (क्रँक जागेवर धरणारं झाकण) नंबर आणि दिशा कोरली. अदलाबदल झाली तर सगळं फुकट. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने आडवे-उभे मोजले, तर झिजून अंडाकृती. म्हणजे वाढलेल्या फटीतून ऑइल निसटून प्रेशर पडत होतं. क्रँक ०.२५ मिमी ग्राइंड केला, बेअरिंगही त्याच अंडरसाइजची, म्हणजे तेवढ्या बारीक झालेल्या जर्नलला बसणारी. ग्राइंडिंगचा कीस ऑइलच्या भोकांत अडकतो, म्हणून ती ब्रशने धुऊन हवा मारली. प्लास्टिगेजने (प्लास्टिकची बारीक पट्टी, किती चपटी झाली त्यावरून फट कळते) जर्नल-बेअरिंगमधला क्लिअरन्स तपासला, पट्टी पुसली, ऑइल लावलं, नवे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवला. इंधन तोडून दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारला, मगच स्टार्ट.