जुन्या इंजेक्शन गाडीचं वायरिंग: या चुका टाळा

गाडी काळा धूर सोडते, गरम झाली की मिसिंग मारते, म्हणजे ईसीयूच (इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला! हे निदान बॉनेट उघडायच्या आधीच झालेलं असतं. मग कुठून तरी जुना ईसीयू पैदा करायचा, तो लावायचा, आणि धूर आपला तसाच. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम 1967 साली फोक्सवॅगनमध्ये आली. तिथपासूनच्या या गाड्यांत तो डबा सहसा टिकून असतो. इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकते ती वायर.

सगळ्यात महागात पडणारी चूक मल्टिमीटरची. वायरीची दोन टोकं धरली, बीप वाजला, वायर पास! आतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच, कारण मीटर नावापुरता करंट सोडतो. 0.2 ओहमचा जादा रोध तर कळतही नाही. साध्या मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढा आकडा येतो. पण त्याच वायरीतून पंपाने 5 अँपिअर ओढले की 1 व्होल्ट वाटेतच खल्लास. म्हणून इंजिन चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजेक्शनच्या अर्थिंगला. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग उघडून बघा.

मी यात दोन रविवार घालवलेत. सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ करून आणले. दोष निघाला मॅनिफोल्डवरच्या अर्थच्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या बोल्टखालच्या कडीत. वरून चकचकीत, बोल्ट काढला तर खाली हिरवा चुरा. पॉलिश पेपर फिरवला, दहा मिनिटांत काम झालं.

गाडी ओव्हर होत असेल, म्हणजे जास्त पेट्रोल घेत असेल, तर कूलंट टेंपरेचर सेन्सरची वायर आधी बघा. ती तुटली की ईसीयूला वाटतं इंजिन गारठलंय, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. इग्निशन बंद करून ईसीयूचा प्लग काढा आणि त्या टोकाकडून मोजा, म्हणजे सेन्सरबरोबर वायरही तपासली जाते. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला 20 अंशांवर साधारण 2,500 ओहम, 80 अंशांवर 300च्या आसपास येतात.

ईसीयूच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नका, तो नको इतका करंट ओढतो. इंजेक्टरला थेट 12 व्होल्ट तर नकोच. जुन्या इंजेक्टरची कॉइल बऱ्याचदा 2 ते 3 ओहमचीच असते, जळायला वेळ लागत नाही. चालतोय का हे बघायचं तर लांब स्क्रू ड्रायव्हर त्याला टेकवून मुठीला कान लावा, टिकटिक ऐकू येते. आणि चालू इंजिनवर बॅटरी काढून बघणारे अजून आहेत! त्या झटक्याने मात्र ईसीयू खरंच जातो.

दोष कधी येतो, कधी जातो, अशी गाडी असेल तर ती आयडलला ठेवा. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून एकेक कनेक्टर हलकेच हलवा. आवाज बदलला की तिथेच थांबा, इंजिन बंद करा आणि तो कनेक्टर उघडा.